शिक्षेचा अधिकार नसलेला माणूस

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच्या कलम १७ने शाळेतली छडी बेकायदा ठरवली. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याच्या कलम १६ने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा मार्गही बंद केला. २०१९च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. दोन्ही तरतुदींची गरज होतीच. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल-अत्याचारविषयक अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. म्हणजे तिघांतल्या दोघांनी. तरीही शिक्षकांच्या खोलीत गेली पंधरा वर्षे जी कुरकुर चालू आहे ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. साठ मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातून एक साधन काढून घेतले गेले आणि त्या जागी त्याला परिपत्रक मिळाले. मग व्हायचे तेच झाले. छडी कपाटात गेली, पण उठाबशा, अंगठे धरून उभे राहणे, तासभर वर्गाबाहेर, डायरीतला लाल शेरा, सगळ्या वर्गादेखत आईबापांचा उद्धार आणि नववीत पाऊल टाकताच ‘दाखला घेऊन जा’ ही धमकी, हा सगळा संसार बिनबोभाट सुरू राहिला.

आता या पोकळीवर उपाय म्हणून समुपदेशकाचे नाव पुढे आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये शाळांत समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असावेत असे म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असा आदेश आहे. आदेश स्वागतार्हच. धास्ती आहे ती शाळा या माणसाचा उपयोग कशासाठी करील याची. पूर्वी वर्गात दंगा करणाऱ्याला ‘जा, हेडसरांकडे’ असे फर्मान सुटे. आता ‘जा, समुपदेशक मॅडमकडे’ असे सुटेल. मुलगा परत आला की ‘काय म्हणाल्या? सुधारलास का?’ हा प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारला जाईल. आठवड्याअखेर मुख्याध्यापक मॅडमकडून अशा मुलांची यादी मागवतील, आणि पालकसभेत ‘तुमच्या मुलाला तीनदा समुपदेशनाला पाठवले’ हे वाक्य गुन्ह्याच्या नोंदीसारखे वाचून दाखवले जाईल. माझे म्हणणे थोडक्यात असे, की समुपदेशनाने शाळेची शिस्त खरोखर सुधारते आणि त्याला चांगला पुरावा आहे. मात्र समुपदेशक शिक्षेच्या यंत्रणेबाहेर असेल तरच. त्याला शिक्षा देण्याचा अधिकार नको, शिक्षेची शिफारस करण्याचा नको, आणि मुलाने काय सांगितले याचा अहवाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवण्याची सक्तीही नको.

ज्याला आपण बेशिस्त म्हणतो ती जवळून कशी दिसते, ते आधी पाहू. मराठीचा तास आहे, धडा ओळीने वाचायचा आहे, प्रत्येकाने एक परिच्छेद. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा धडा ऐकत नाही, मोजतो आहे. आपल्या आधी किती जण, म्हणजे आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार, त्यात जोडाक्षरे किती. पाळी दोन मुलांवर आली की त्याचा कंपास खाली पडतो. एक मुलगा उरला की तो शेजाऱ्याला कोपर मारतो. मग भांडण, मग ‘ऊठ, बाहेर उभा राहा’. तो बाहेर जातो आणि वाचन टळते. त्याच्या बाजूने पाहिले तर शिक्षा हीच त्याची सुटका होती आणि ती त्याने मोठ्या हुशारीने मिळवली. असा मुलगा दुर्मीळ आहे असे समजू नये. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. यांतली काही मुले अध्ययन अक्षमतेची असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अक्षमता मान्य केली आहे आणि आपले परीक्षा मंडळ दहावीला अशा मुलांना सवलती देते, पण दहावीपर्यंत पोचायला आधी कोणीतरी ती ओळखावी लागते. बाकीच्यांना नुसतेच कोणी नीट वाचायला शिकवलेले नसते. बीडसारख्या जिल्ह्यातून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा हंगाम संपल्यावर परत येतो तेव्हा वर्ग अर्धे पुस्तक पुढे गेलेला असतो. त्याने शांत बसून कशाकडे लक्ष द्यायचे हे त्याला कोणी सांगत नाही. घरातली दारू, रात्रीची भांडणे, मोठ्या मुलांची दमदाटी ही कारणे तर सर्वांना ठाऊकच आहेत. छडीला यातले एकही कारण सापडत नाही. ते सापडायला कोणीतरी त्या मुलाशी वर्गाबाहेर, निवांत, आणि उत्तर चुकले तरी काही बिघडणार नाही अशा परिस्थितीत बोलावे लागते.

हे सगळे ऐकायला बरे वाटते, पण त्याने शाळा सुधारते का, असा रोकडा प्रश्न कोणी विचारील. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर भारतातलेच आहे, आणि ते बिहारमधून आले आहे याचे पुण्या-मुंबईच्या वाचकाला जरा नवल वाटेल. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चौऱ्याहत्तर शाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली होती. एका गटात ‘सेहर मित्र’ नावाचा माणूस शाळेत नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. या कामासाठी प्रशिक्षण दिलेला सामान्य माणूस होता. दुसऱ्या गटात हाच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाने राबवला. तिसऱ्या गटात नेहमीचेच चालू राहिले. कार्यक्रम तरी काय होता? शाळेत एक पेटी ठेवायची, मुलांनी तक्रारी, शंका, सूचना चिठ्ठीवर लिहून तीत टाकायच्या. महिन्याच्या विषयावर भित्तिपत्रक काढायचे. प्रार्थनेच्या वेळी चार शब्द बोलायचे. मुलांचे गट करून त्यांच्याशी चर्चा करायची. आणि ज्याला हवे असेल त्याच्याशी एकट्याशी बोलून त्याची अडचण सोडवायला मदत करायची. यात डोळे दिपवणारे काहीच नाही. आपल्याकडच्या कित्येक शाळांत भित्तिपत्रक आहे, आणि तक्रारपेटीही आहे. फक्त तिची किल्ली कोणाकडे आहे हे सहसा कोणाला आठवत नाही.

शैक्षणिक वर्षाअखेरीस नववीतल्या मुलांची पाहणी झाली. सेहर मित्र असलेल्या शाळांत मुलांना शाळा अधिक आपुलकीची वाटू लागली होती, दमदाटी आणि मारामारी कमी झाली होती, मुलांमधली उदासीही घटली होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस हा फरक आणखी वाढलेला दिसला. शिक्षकाने राबवलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांच्या तुलनेत काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, पेटी तीच, भित्तिपत्रक तेच. या निष्कर्षाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, कारण आपले सगळे शासकीय नियोजन नेमके उलट्या गृहीतकावर उभे आहे: दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, आणि असलेल्याच शिक्षकाच्या डोक्यावर समुपदेशनाची टोपी ठेवा.

ही टोपी नवी नाही. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय हवी असे सांगितले, १९५४ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनासाठी मध्यवर्ती कार्यालय उघडले, आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळपासच्या दहा शाळांना मिळून एक फिरता समुपदेशक द्यावा अशी साधी, परवडणारी योजना मांडली. ती योजना कागदावरून खाली उतरली नाही. ‘मार्गदर्शन’ म्हणजे दहावीनंतर विज्ञान घ्यायचे की वाणिज्य, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी सुरू झालेली कल चाचणी हे त्याच समजुतीचे पुढचे पाऊल. मुलाला कशाची आवड आहे हे दहावीत विचारायचे आणि तो सातवीत रोज मार का खातो हे विचारायचेच नाही, अशी ही विभागणी झाली.

शिक्षकाच्या हातून हे काम होत नाही याचा दोष शिक्षकाला देणे अन्यायाचे आहे. वेळ नसतो, हे एक कारण आहेच. निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामातून शिकवायला उरतो तोच वेळ अपुरा. पण वेळ दिला तरी अडचण उरते, कारण ती त्याच्या जागेत आहे. तोंडी परीक्षेचे गुण ज्याच्या हातात, हजेरीपट ज्याच्या हातात, पालकांना बोलावणे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मुलगा ‘मला वाचता येत नाही’ असे सहज म्हणेल का? आणि त्या शिक्षकाबद्दलच तक्रार असली तर? पेटीतल्या चिठ्ठीवरचे अक्षर कोणाचे हे वर्गशिक्षकाला एका नजरेत कळते, आणि ते त्याला कळते हे मुलांनाही कळते. सकाळी अकराला रागावणारा आणि दुपारी दोनला आपुलकीने विचारणारा माणूस एकच असला, तर मूल दुपारचे बोलणेही सकाळच्या हिशेबात धरते. म्हणूनच बाहेरून आणलेला, तज्ज्ञ नसलेला आणि हातात काहीच सत्ता नसलेला माणूस तिथे उपयोगी पडला. त्याची ती सत्ताहीनताच त्याचे भांडवल होते, असा मी या प्रयोगाचा अर्थ लावतो.

शिकागोतल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमाकडेही याच नजरेने पाहावे. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत किशोरवयीन मुलांचे छोटे गट आठवड्यातून एक तास प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर बसतात. पहिल्याच बैठकीत एक खेळ असतो. जोड्या पाडायच्या, एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा, दुसऱ्याला सांगायचे की तीस सेकंदांत तो मिळव. मुले तुटून पडतात, बोटे पिरगाळतात, ढकलाढकली करतात. वेळ संपल्यावर मार्गदर्शक एवढेच विचारतो, की ‘चेंडू दे ना’ असे कोणी म्हणून पाहिले का? कोणीच म्हटलेले नसते. मग मूठ धरणाऱ्याला विचारले की मागितला असता तर काय केले असतेस, तर तो बहुधा म्हणतो, दिला असता, त्यात काय! उपदेशाचे एक वाक्यही इथे नाही. या कार्यक्रमाच्या दोन मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या, आणि कार्यक्रम चालू असताना त्यातल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी आढळल्या. कार्यक्रम थांबल्यावर अटकांवरचा हा परिणाम ओसरला, हेही सांगायला हवे. एकदा शिबिर घेऊन मोकळे होणाऱ्यांनी ते खास लक्षात ठेवावे. समुपदेशनाची लस नसते.

सगळ्यांत मोठा आक्षेप भीतीचा आहे. धाक गेला की शाळा गेली, असे मानणारे पालक आजही बहुसंख्य असतील, आणि त्यांतले कित्येक जण मुलाला शाळेत घालताना स्वतःच्या तोंडाने ‘हाडे आमची, मांस तुमचे’ या अर्थाचे काहीतरी सांगतात. त्यांच्या म्हणण्यात एक रास्त काळजी आहे: दंगा करणाऱ्या एकाला समजून घेता घेता उरलेल्या एकोणसाठ जणांचा तास कोण भरून देणार? ही काळजी उडवून लावण्यासारखी नाही, कारण तिला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये चव्वेचाळीस शाळांवर झालेल्या आणि रँड संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात शिक्षेऐवजी संवादाची, झालेले नुकसान सांधण्याची पद्धत आणली गेली. निलंबनाचे दिवस घटले, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षेतली तफावत कमी झाली, शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारल्यासारखे वाटले. पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. समुपदेशनाची बाजू मांडणाऱ्यांनी हा निष्कर्ष लपवू नये. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. तिथेही हे काम मुख्यतः वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांकडूनच करून घेतले होते, म्हणजे नालंदातल्या दुसऱ्या गटासारखेच. आणि दुसरे म्हणजे, संवाद आला म्हणून नियम ढिले करायचे नसतात. मारामारी केली तर त्या दिवशी मैदान बंद, बाक तोडला तर तो दुरुस्त करायला हातभार लावायचा, दुसऱ्याला त्रास दिला तर जागा बदलायची, असे आधी सांगितलेले, सर्वांना सारखे लागू होणारे आणि अपमान न करणारे परिणाम शाळेने ठेवलेच पाहिजेत. ते ठरवावेत मुख्याध्यापकांनी आणि अमलात आणावेत शिक्षकांनी. समुपदेशकाने त्यात पडू नये. मैदान बंद झालेला मुलगा त्याच दुपारी त्याच्याकडे जाऊन बसू शकला पाहिजे, आणि तिथे त्याला शिक्षा माफ होण्याची आशा नको की वाढण्याची भीती नको. या दोन कामांची सरमिसळ झाली की दोन्ही नासतात. नियमही कोणी मानत नाही आणि मनातले कोणी बोलत नाही.

दुसरा आक्षेप मला स्वतःला अधिक अस्वस्थ करतो. शाळेत समुपदेशक आला की प्रत्येक खोडकर मुलाला एखादे वैद्यकीय नाव चिकटेल, आणि खिडकीबाहेर पाहणे हासुद्धा विकार ठरेल. महागड्या खासगी शाळांत याची चुणूक दिसू लागली आहे. वर्गात बडबड केली की ‘चाचणी करून घ्या’ असा निरोप घरी येतो आणि चाचणीचे हजारो रुपये पालक भरतात. यावर उतारा हाच, की समुपदेशकाने वेळेचा मोठा वाटा एकेका मुलावर न घालवता शाळेच्या सवयींवर घालवावा. सेहर मित्राचे बहुतेक काम सगळ्या शाळेसाठी होते, ते उगाच नव्हे. दोन महिन्यांच्या तक्रारी एकत्र पाहिल्या तर त्या ठरावीक तासांना, ठरावीक जागी, कधी ठरावीक शिक्षकांच्याच वर्गांत दाटलेल्या दिसतील: मधल्या सुट्टीनंतरचा तास, स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, एस.टी.ची वाट पाहण्याची अर्धी घटका, शिक्षक नसलेला मोकळा तास. बोळात एक दिवा आणि सुट्टीत एक मोठे माणूस ठेवले तर निम्म्या मारामाऱ्यांना समुपदेशनाची गरजच उरणार नाही. हे मुख्याध्यापकांना सांगण्याचे धैर्य ज्याला नाही त्याला खोली देऊन उपयोग नाही.

आता गुप्ततेचा प्रश्न. ‘आमचे मूल काय बोलले ते आम्हाला कळलेच पाहिजे’ असे पालक म्हणतील, आणि पालक म्हणून ते स्वाभाविक आहे. इथे रेषा आधीच आखून मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना एकदमच सांगावी. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तरीही गप्प बसता येणार नाही. त्यापलीकडचे सारे मुलाच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे खोटे वचन देणारा समुपदेशक पहिल्याच गंभीर प्रसंगात सगळ्या शाळेचा विश्वास घालवतो. राज्यात २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळोशाळी सखी सावित्री समित्या स्थापण्याचे आदेश आहेत, पण समितीपुढे मूल बोलत नसते. ते एका माणसापुढे बोलते.

राहिला पैसा. शंभर पटाची अट पाहिली तर महाराष्ट्रातल्या असंख्य लहान जिल्हा परिषद शाळा तिच्या बाहेर राहतात. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधावे असे न्यायालयाने म्हटले आहे, आणि ते तज्ज्ञ गडचिरोलीत किंवा अक्कलकुव्यात कुठून यायचे हे सांगायला नको. पण तज्ज्ञच हवा हा आग्रह नालंदाने निकालात काढला आहे. कर्वे समाजसेवा संस्था आणि निर्मला निकेतनपासून जिल्ह्याजिल्ह्यातल्या समाजकार्य महाविद्यालयांपर्यंत दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात आणि कित्येक जण कंत्राटी नोकऱ्यांच्या मागे फिरतात. केंद्रप्रमुखाच्या हद्दीतल्या शाळांना मिळून एक, हे कोठारींचे माप आजच्या रचनेत बसते. ते अपुरे आहे हे मान्य; नालंदात प्रत्येक शाळेला स्वतःचा माणूस होता, आणि पंधरवड्यातून एकदा येणाऱ्याला मुले पाहुणाच समजतील. म्हणून सुरुवात मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळांत पूर्णवेळ माणूस देऊन करावी आणि फिरती योजना लहान शाळांपुरती ठेवावी. नेमणुकीच्या आदेशात मात्र एक ओळ नक्की असावी: हा कर्मचारी अनुपस्थित शिक्षकाचा तास घेणार नाही, परीक्षेत पर्यवेक्षण करणार नाही, गुण देणार नाही, शिस्त समितीवर बसणार नाही, आणि त्याच्या कामाचे मूल्यमापन मुख्याध्यापक एकटे करणार नाहीत. ही ओळ गळली तर दिवाळीच्या सुट्टीआधीच समुपदेशक मॅडम आठवी ‘ब’ला भूगोल शिकवताना दिसतील, आणि दंगा करणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करतील.